कलाशिक्षणासाठी संस्था कशी निवडावी?

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या संमेलनात दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. वैद्यक, अभियांत्रिकी, हिशेबतपासणी, परदेशातील पदवी अशा मार्गांनी पुढे गेलेल्या मुलामुलींची नावे वाचली जातात आणि आपणां सर्वांना धन्यता वाटते. ती वाटलीच पाहिजे. परंतु याच संमेलनात स्वागतगीत बसविणारी मुलगी, नाट्यप्रवेश सादर करणारा मुलगा, प्रवेशद्वारावरील चित्र काढणारी भावंडे यांच्याविषयी त्यांच्या पालकांजवळ गोष्ट काढली, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: "हौस म्हणून ठीक आहे, पुढे काय?" जे थोडे पालक मुलांना या मार्गाने पाठविण्यास राजी होतात, त्यांच्यापुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, की मुलाला घालावे कोठे? अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांची प्रतवारी आपल्या घराघरांत तोंडपाठ आहे. चित्र, शिल्प, गायन, नृत्य, नाट्य यांच्या संस्थांविषयी मात्र आपण जाहिरातीवर आणि ऐकीव माहितीवर विसंबतो. आज याच विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आपली ज्ञाती परंपरेने तांब्यापितळेवर हातोडा चालविणारी. आपल्या आज्यापणज्यांच्या घरी 'कला' हा शब्द फारसा उच्चारला जात नसे. पण हंडा, घागर, बंब, तपेले घडवून त्यावर मठारकाम करताना प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्यास बरोबर भिडावा लागे. त्या ठोक्यांनी पत्र्यास चकाकी येई आणि बळकटीही येई. हे काम मुलगा कसा शिकत असे? जाणत्याच्या नजरेखाली, रोज, स्वतःच्या हाताने. आणि ठोका चुकला की तेथल्या तेथे त्याला ते कळे. जाणत्याची नजर, रोजचे काम आणि चुकीची तत्काळ दुरुस्ती या तीन गोष्टी जेथे आहेत तेथे कला शिकता येते, जेथे नाहीत तेथे येत नाही. आजच्या मोठ्या इमारतीतील महाविद्यालयासही हीच कसोटी लागू आहे, एवढेच आजच्या भाषणाचे सार. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीभोवतीच आहे.

प्रथम वयाचा विचार करू. कारण संस्थेच्या निवडीत अनेक घरांची फसगत येथेच होते. सर्व कलांचा आरंभ एकाच वयात होत नाही. चित्रकला, शिल्पकला, उपयोजित कला यांचे पद्धतशीर शिक्षण बारावीनंतर सुरू केले तरी चालते. लहानपणी हात व डोळा मोकळा असला म्हणजे पुरे. गायन, वादन व नृत्य यांचे तसे नाही. गळा, बोटे आणि शरीर ही कोवळ्या वयातच वळतात. अठराव्या वर्षी प्रथमच तानपुऱ्यापुढे बसणाऱ्या मुलास संगीताच्या पदवीवर्गात प्रवेश मिळालाही, तरी तीन-चार वर्षांत त्याची तयारी होणे कठीण. तेव्हा संगीत-नृत्यात महाविद्यालयाची निवड हा दुसरा टप्पा असून गुरूची निवड हा पहिला टप्पा आहे. नाट्यशिक्षणात तर क्रम उलटा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी उमेदवार पदवीधर असावा आणि त्याने किमान सहा नाट्यप्रयोगांत काम केलेले असावे, अशी अट राहत आली आहे. कारण उघड आहे. नटाला जग पाहिलेले असावे लागते. म्हणून दहा वर्षांच्या मुलास 'अभिनय अकादमी'त घालण्याची घाई करणाऱ्या आणि पंधरा वर्षांच्या मुलीस 'गाणे पदवीनंतर शिक' असे सांगणाऱ्या, अशा दोन्ही पालकांनी थोडे थांबून विचार करावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

आता दृश्यकलांकडे वळू. या क्षेत्रातील आपल्या प्रांताची आद्य संस्था म्हणजे मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही शाळा सुरू झाली. तिच्या आरंभकाळचा इतिहास आपल्यासारख्या कारागीर ज्ञातीने अवश्य ध्यानात घ्यावा. १८६५ साली तेथे शिकवावयास आलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांचा भर केवळ कागदावरील चित्रांवर नव्हता. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाच्या भव्य इमारतीवरील शोभिवंत कोरीव काम या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. १८९१ साली याच आवारात गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कलाकर्मशाळा उघडण्यात आल्या आणि धातुकाम, लाकूडकाम यांसारख्या हस्तकौशल्यांना तेथे जागा मिळाली. धातुकामाचा विभाग या संस्थेत पुढेही चालू राहिला. आपल्या घरातील हातोड्याला महाविद्यालयाचे दार कधीच बंद नव्हते. आपण मात्र ते दार क्वचितच ठोठावले.

या संस्थेस २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याखेरीज नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची कला महाविद्यालये आहेत. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय, कोल्हापुरात कलानिकेतन व दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट या जुन्या नावाजलेल्या संस्था आहेत. गोव्यात पणजीच्या आल्तिनो टेकडीवर १९७२ पासून गोवा कला महाविद्यालय आहे. ललितकलेची पदवी चार वर्षांची असते. राज्यातील प्रवेशासाठी शासनाच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत परीक्षा घेतली जात आली आहे. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलाविषयक सामान्यज्ञान यांची पारख होते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षाचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे. शाळेत असतानाच एलिमेंटरी व इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा मुलांनी द्याव्यात हे निराळे सांगावयास नको. परंतु वाढीव गुणांच्या लोभाने दिलेली परीक्षा आणि वस्तू पाहून काढण्याची सवय लागावी म्हणून दिलेली परीक्षा, यांत फरक आहे.

पालक नेहमी विचारतात, की जे. जे. मध्येच प्रवेश मिळाला पाहिजे काय? आमचे उत्तर असे, की मिळाला तर उत्तम. न मिळाला तर काही बिघडत नाही, मात्र दुसरी संस्था डोळे उघडे ठेवून निवडावी. संस्थेचे मोठेपण कशात असते हे पाहावयाचे असेल तर रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे चरित्र पाहावे. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले हे चित्रकार जे. जे. मध्ये शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि संचालकाच्या जागेपर्यंत चढले. १८९० ते १९३१ या कालावधीच्या आठवणी त्यांनी 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' या नावाने लिहिल्या. एक चांगला चित्रकार एका शाळेत इतकी वर्षे शिकवीत राहतो, तेव्हा शाळेचे नाव आपोआप मोठे होते. तेव्हा माहितीपत्रकावरील इमारतीचे छायाचित्र बाजूस ठेवून प्रथम विचारावे, की येथे शिकविणारे कोण, ते स्वतः काम करतात काय, आणि ते किती वर्षे टिकतात?

प्रांताबाहेरील दोन संस्थांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण त्यांची शिकविण्याची तऱ्हा निराळी आहे. शांतिनिकेतनात १९१९ साली कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बोस यांच्या नेतृत्वाखाली तेथे निसर्ग, भित्तिचित्र व हस्तकला यांची सांगड घातली गेली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललितकलेची विद्याशाखा निघाली. तेथे नारायण श्रीधर बेंद्रे यांनी १९६६ पर्यंत चित्रकलेचे अध्यापन केले आणि प्रत्यक्ष चित्रणाबरोबर कलेतिहास व सौंदर्यशास्त्र यांनाही अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते. मुलाचा कल केवळ हाताने करण्याकडे आहे की त्याला वाचन व विचाराचीही ओढ आहे, हे पाहून संस्था निवडावी, हा यातील बोध. जाहिरात, अक्षररचना, पुस्तकांची मांडणी यांत रस असलेल्याने उपयोजित कलेकडे जावे. वापरातील वस्तूंची घडण सुधारावी असे ज्याला वाटते त्याने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा विचार करावा. ती संस्था १९६१ पासून हेच काम करीत आहे. भांड्याची मूठ हाताला नीट का बसते, याचे ज्ञान आपल्या ज्ञातीस पिढीजात आहे. त्याचे आजचे नाव 'डिझाइन' इतकेच.

आता प्रयोगजीवी कला, म्हणजे गायन, वादन, नृत्य व नाट्य. संगीताच्या बाबतीत दोन महाराष्ट्रीयांनी या देशात शाळा नावाची गोष्ट रुजविली. कुरुंदवाडास जन्मलेल्या पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या परिश्रमाने ग्वाल्हेर येथे १९१८ साली माधव संगीत विद्यालय आणि लखनौ येथे १९२६ साली मॅरिस कॉलेज सुरू झाले. त्याही आधी, १८८६ साली, बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा निघाली होती. त्याच शाळेतून पुढे विद्यापीठातील प्रयोगजीवी कलांची विद्याशाखा उभी राहिली. संगीतास घराण्याच्या व मैफलीच्या बाहेर आणून मध्यम वर्गाच्या मुलामुलींना ते खुले करणे, हे या शाळांचे थोर कार्य होय. आपल्या घरातील स्त्रिया आज निःसंकोच गाऊ शकतात, त्याचे मोठे श्रेय या दोन विष्णूंना आहे.

पलुसकरांच्या मागे, १९३१ साली, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकारपर्यंत चढत जाणाऱ्या या मंडळाच्या परीक्षा गावोगावी पोहोचल्या आहेत. या परीक्षांचा उपयोग मोठा आहे. पण त्यांचे स्वरूप पालकांनी नीट ओळखावे. परीक्षा मंडळ घेते, शिकविण्याचे काम मात्र स्थानिक शिक्षक करतो. म्हणून 'आमच्या येथे विशारदपर्यंत सोय आहे' या पाटीवरून काहीच कळत नाही. त्या पाटीमागचा शिक्षक कसा गातो, किती विद्यार्थ्यांना एकत्र बसवितो आणि एकेकाला किती वेळ देतो, हे पाहिले पाहिजे. चाळीस मुले एका सुरात एकच बंदिश म्हणत असतील, तर कोणाचा स्वर उतरला हे कोण ऐकणार?

पंडित भीमसेन जोशी यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. गदगच्या घरातून अकराव्या वर्षी, १९३३ साली, गुरूच्या शोधार्थ ते निघाले. ग्वाल्हेर, जालंधर असा उत्तर हिंदुस्थान त्यांनी पालथा घातला. आणि शेवटी ज्यांच्यापाशी विद्या मिळाली ते सवाई गंधर्व गदगपासून फार दूर नसलेल्या कुंदगोळ गावी राहत होते. मुलांनी घर सोडून पळावे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये! घ्यावयाचा अर्थ एवढाच, की मोठ्या शहरातील नामांकित संस्थेचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्या तालुक्यात, शेजारच्या गावी, कोणी जाणते गुरू आहेत काय, याचा कसून शोध घ्यावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात ठेवण्यापेक्षा घराजवळच्या गुरूपाशी रोज दोन तास बसविणे कितीतरी हिताचे.

पदवीच्या वेळी मात्र विद्यापीठाचा विचार करावा. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र चालू आहे. संगीत, नृत्य व नाट्य यांचे शिक्षण तेथे गुरुकुल पद्धतीची विद्यापीठीय चौकटीशी सांगड घालून दिले जाते. मुंबई विद्यापीठात संगीत, नाट्य व लोककला यांचे स्वतंत्र विभाग आहेत. नृत्यासाठी मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी स्थापिलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली काढलेली नृत्यभारती ही कथक नृत्याची संस्था आहे. चेन्नईस रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली स्थापिलेले कलाक्षेत्र भरतनाट्याच्या शिस्तबद्ध शिक्षणाबद्दल विख्यात आहे. गोव्यात १९७० साली कला अकादमी स्थापन झाली. ज्यांना दृश्य व प्रयोगजीवी अशा दोन्ही कलांचे वातावरण एकाच ठिकाणी हवे, त्यांनी छत्तीसगडमधील खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय पाहावे. १९५६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ केवळ संगीत व ललितकला यांनाच वाहिलेले आहे. चित्रपटाकडे ओढा असेल तर पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेली राष्ट्रीय संस्था आहे. तेथील दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनिमुद्रण ही अंगे शिकताना विद्यार्थी प्रत्यक्ष चित्रपट तयार करतात, हे तिचे वैशिष्ट्य.

इतकी नावे घेतल्यावर निवडीचा प्रश्न अधिकच बिकट झाला, असे कोणी म्हणेल. म्हणून पालकांनी संस्थेत प्रत्यक्ष जाऊन कोणत्या गोष्टी पाहाव्यात, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, वर्ग चालू असताना जावे. सुटीच्या दिवशी रंगविलेल्या भिंती दिसतात, शिक्षण दिसत नाही. चित्रशाळेत दुपारी तीन वाजता मुले उभी राहून काम करीत आहेत काय, समोर माणूस बसवून चित्रण होते की छायाचित्रावरून नक्कल होते, हे एका फेरीत कळते.

दुसरी, साधने पाहावीत आणि ती वापरात आहेत काय ते पाहावे. मृत्तिकाशिल्पाच्या विभागातील भट्टी कधी पेटली होती, मुद्राचित्रणाच्या यंत्रावर शाई ओली आहे की धूळ बसली आहे, तानपुरे स्वरात लावलेले आहेत की खोळीत पडून आहेत, नृत्यवर्गाची जमीन लाकडी आहे की कठीण फरशीची, हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. कठीण फरशीवर रोज पाय आपटणाऱ्या मुलीचे गुडघे व घोटे कायमचे दुखावण्याचा संभव असतो.

तिसरी, विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन किंवा वार्षिक सादरीकरण अवश्य पाहावे. सर्वांची चित्रे एकाच हातची वाटली, सर्वांचे गाणे एकाच गळ्याचे वाटले, तर तेथे नक्कल शिकविली जाते असे समजावे. चांगल्या शाळेत पाया सारखा आणि काम निराळे असते.

चौथी, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांशी व दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेल्यांशी बोलावे. संस्थेचे प्रमुख तीन नावे अभिमानाने सांगतील. उरलेले कोठे गेले हे त्या विद्यार्थ्यांकडूनच कळेल.

पाचवी, मान्यता. पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे काय, पदविका असेल तर ती कला संचालनालयाची आहे काय, हे कागदोपत्री पाहावे. अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो, ती चाळावी. एखादी संगीतपरीक्षा 'पदवीसमान' आहे असे सांगितले गेले, तर ती कोणत्या विद्यापीठाने व कोणत्या कामासाठी समान मानली आहे, हे लेखी मागावे.

सहावी व शेवटची, खर्च. शुल्काचा आकडा सर्वजण विचारतात. रंग, कॅनव्हास, माती, संगणक, वाद्य, वेशभूषा, प्रवास यांचा आकडा कोणी विचारत नाही. तो चार वर्षांचा मिळून काढावा. शासकीय संस्थेतील मोजक्या शुल्कात जे मिळते, तेच काही खासगी संस्थांत अनेक पटींनी महाग मिळते. आणि कर्जाचा बोजा घेऊन बाहेर पडलेल्या मुलास पहिली पाच वर्षे आपले स्वतःचे काम करण्याची उसंत राहत नाही. कलेच्या विद्यार्थ्यास ती पाच वर्षे फार मोलाची असतात.

पोटापाण्याचा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. कलावंताचे उत्पन्न अनिश्चित असते हे खरे आहे आणि ते मुलांपासून लपवू नये. परंतु मार्ग अगदीच नाहीत असे नाही. आर्ट टीचर डिप्लोमा घेऊन शाळेत कलाशिक्षक होता येते. पदव्युत्तर शिक्षणानंतर दृश्यकला, संगीत वा प्रयोगजीवी कला या विषयांत राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन महाविद्यालयात अध्यापन करता येते. जाहिरात, प्रकाशन, चलचित्र, नेपथ्य, ध्वनी, वस्तुसंग्रहालये यांत कुशल माणसे लागतात. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी व दोन वर्षांची आहे. आपल्या किती घरांना यांची वार्ता आहे?

कोणी म्हणेल, आता संगणक सांगितल्याबरोबर चित्र काढून देतो, चाल लावून देतो. मग चार वर्षे घालवावी कशास? या शंकेचे उत्तर आपल्याच ज्ञातीच्या इतिहासात आहे. यंत्रावर दाबून काढलेली भांडी बाजारात आली, ॲल्युमिनियम व स्टील आले, तेव्हा केवळ भांडे 'पुरविणाऱ्या' कारागिराचा धंदा बसला. ज्याच्या हातात घाट होता, ज्याला नवा आकार सुचत होता, त्याचे काम आजही मागून नेले जाते. यंत्राने जे सहज होते तेवढेच शिकविणारी संस्था मुलास उद्या निकामी करील. म्हणून केवळ संगणकावरील क्लृप्त्या सहा महिन्यांत शिकवून नोकरीची हमी देणाऱ्या वर्गांपासून सावध राहावे. आणि ज्या ठिकाणी रेषा, रंग, आकार, स्वर, लय यांचा पाया पक्का करून मग यंत्र हाती दिले जाते, तेथे मुलाला निश्चिंतपणे पाठवावे.

मुलींविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मुलगी गाते, नाचते, चित्रे काढते याचे कौतुक आपल्याकडे विवाह ठरेपर्यंत होते. संस्थेची निवड करतानाही 'घराजवळची बरी' हा एकच निकष तिला लावला जातो आणि भावासाठी मात्र परगावचे वसतिगृह चालते. घराजवळची संस्था खरोखरच चांगली असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर सुरक्षित वसतिगृह, जाण्यायेण्याची सोय, तक्रार ऐकून घेणारी समिती या गोष्टींची चौकशी करून तिलाही दूर पाठविण्याची तयारी ठेवावी. शिक्षकाच्या एकट्याच्या मर्जीवर जेथे सर्व काही चालते, त्या ठिकाणी मुलगा असो वा मुलगी, पालकांनी अधिक जागरूक राहावे. गुरुभक्ती ही थोर गोष्ट आहे. पण तिच्या आड काहीही खपवून घेणे म्हणजे भक्ती नव्हे.

शेवटी सभेच्या कर्तव्यासंबंधी. अलिबागजवळच्या सासवने गावी गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्या घरात विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली झाला. त्या मुलाच्या हातातील गुण त्या वेळचे कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी हेरला आणि त्याला मुंबईच्या कलाशाळेत धाडले. पुढे १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा याच करमरकरांनी घडविला. एका परक्या अधिकाऱ्यास जे दिसले, ते आपल्या घरातील मुलांच्या बाबतीत आपणांस दिसू नये काय?

आपल्या शिक्षण निधीच्या नियमांत साहाय्यास पात्र अशा अभ्यासक्रमांची जी यादी आहे, तीत वैद्यक, अभियांत्रिकी, वाणिज्य, विधी यांची नावे आहेत. ललितकला, संगीत, नृत्य, नाट्य यांचे नाव नाही. यादी ज्या काळी झाली त्या काळच्या गरजा निराळ्या होत्या, याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. परंतु हातोड्याच्या कलेवर जगलेल्या ज्ञातीच्या निधीतून कलेच्या विद्यार्थ्यास एक रुपयाही मिळू नये, ही गोष्ट यापुढे चालू राहणे शोभणारे नाही. म्हणून आम्ही या सभेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, मान्यताप्राप्त संस्थेतील दृश्य व प्रयोगजीवी कलांचे अभ्यासक्रम निधीच्या यादीत समाविष्ट करावेत आणि साहाय्यात साधने व वाद्ये यांचा खर्च धरावा. दुसरी, ज्ञातीतील जे चित्रकार, शिल्पकार, गायक, वादक, नर्तक, नाट्यकर्मी व धातुकारागीर आज काम करीत आहेत, त्यांच्या संमतीने त्यांची एक सूची करावी, म्हणजे नव्या विद्यार्थ्यास सल्ला विचारण्यास जागा होईल. तिसरी, दरवर्षी आठवी ते दहावीच्या मुलामुलींना एखाद्या कला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन व एखादी संगीतसभा दाखविण्यास सभेने न्यावे. खर्च फार नाही. एका बसचा आणि एका दिवसाच्या जेवणाचा.

यांपैकी पहिल्या सूचनेचा ठराव रीतसर मांडण्याची परवानगी अध्यक्षमहाराजांनी द्यावी, अशी विनंती आहे. या वर्षीचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी तो संमत झाला, तर आजच ज्या घरांत हा प्रश्न टांगलेला आहे तेथील मुलामुलींना त्याचा उपयोग होईल.